डोळ्यासमोरची पातळी

अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश घेतला, त्या वर्षीच्या मे महिन्यात मोर्शी-भातकुलीकडच्या खेड्यांतल्या आम्हा मुलींसाठी तिथेच तीन आठवड्यांचा तयारीचा वर्ग होता. प्रयोगशाळेत एक म्हातारे मदतनीस असायचे. ब्युरेटच्या काचेच्या नळीवरचे आकडे आम्ही उभ्यानंच वाचायचो. ते खांद्यावर फडकं टाकून, दुखरे गुडघे वाकवून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून दाखवायचे.

"डोये खाली आन, बाई. पानी तुह्यासाठी वर नाई येनार."

जुलैत कॉलेज सुरू झालं. ते नव्हते. त्यांना सुट्टीपुरतंच ठेवलं होतं. बाकीच्या मुली उभ्यानं आकडे वाचून चुकत होत्या. आम्ही उन्हाळी वर्गातल्या अकराजणी तेवढ्या गुडघ्यांत वाकलो होतो.

"हे कोणी शिकवलं?" मॅडमनी विचारलं.

एकीलाही त्या म्हाताऱ्या मदतनिसांचं नाव सांगता आलं नाही.