रिकाम्या बाकाला सलाम

आमच्या चर्चमध्ये जुनी रीत आहे. पाळकसाहेबांनी पाहुण्यांची नावं घेतली की पाहुणे मागच्या बाकाजवळ उभे राहतात आणि सगळी मंडळी वळून त्यांना सलाम करते. मुलांनो, सुट्टीत आलात की तुम्ही थेट बाकावरच चढायचात.

आता दूर गेलेल्यांसाठी उपासना फोनवरून दाखवतात. मला ते पटत नव्हतं. "प्रार्थनेला पायांनी यावं," असं मी पाळकसाहेबांना स्पष्ट सांगितलंही होतं.

गेल्या रविवारी त्यांनी फोनमध्ये पाहून तुमची नावं वाचली, "टोरांटोहून रूथ आणि आशिष आपल्यात आहेत." सवयीने सगळी मंडळी मागे वळली. मीसुद्धा वळले. बाक रिकामा होता.

"कुठं बसलीत हो पोरं?" शेजारच्या मार्थाबाईंनी विचारलं.

"कॅनडात."

"मग काय झालं? नावं तर घेतली ना!" असं म्हणून त्यांनी रिकाम्या बाकाला खणखणीत सलाम घातला. पाठोपाठ सगळ्यांनीच घातला.

नाव घेतलेलं माणूस हजरच असतं, ही आमच्या पिढीची समजूत. मी मात्र पुढे वळले, चष्मा सारखा केला आणि भर उपासनेत त्या फोनकडे पाहून हात हलवला. दिसले का रे मी तुम्हाला?