भोकं पाडलेली कार्डं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळणं. ओली गोधडी एकट्याला झेपत नाही. एक टोक माझ्या हातात, एक तिच्या. ती खुर्चीवर बसून, कारण तिचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. मी लय जोर लावला, पण पाणी काही निघंना.

"अवो, दोघं एकाच अंगाला पिळायलोत," ती म्हणाली. "अशानं गोधडी नुसती गरगर फिरंल. तुमी उलटं पिळा."

"मग तूच उलटं पीळ की."

"मी बरोबर पिळायले. पन्नास वर्सं झाली, तुमाला अजून उजवं-डावं कळंना."

दुपारी जेवून ती आडवी झाली, ती उठलीच नाही.

ती कोण होती ते सांगितलं पाहिजे, कारण आमच्या गावात निम्म्या लोकांना अजून माहीत नाही, आणि त्याला कारण मीच. ती कम्प्युटरवाली होती. आता ज्याच्या त्याच्या खिशात तसली मशीन आहे. मी सांगतो ते दिवस वेगळे. तेव्हा परभणीत कुणी कम्प्युटर डोळ्यानं बघितला नव्हता. ती गणितात बी.एस्सी. झालेली, पण पायामुळं तिला शिकलेला नवरा मिळंना. माझी बारा एकर जमीन, पण शाळा चौथीत सुटलेली. तिचा पाय आणि माझी चौथी अशी बरोबरी लावून दोन्हीकडच्यांनी लग्न उरकलं.

ती परभणीला एका शेतकी कचेरीत लागली. तिथं ज्वारीच्या नव्या वाणांचे प्रयोग चालायचे, त्याचे हिशेब करायची. मशीन होती हैदराबादला. मशीननं काय करायचं ते ही मशीनच्या भाषेत लिहायची, मग ते जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून उतरवायचं. एका कामाला डबाभर कार्डं लागायची. तो डबा घेऊन ती रेल्वेनं हैदराबादला जायची आणि मशीननं छापलेले तक्ते घेऊन यायची. आख्ख्या कचेरीत हे काम तिला एकटीला यायचं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मी गावात सांगायचो, बायको टायपिस्ट आहे. टायपिस्ट म्हणलं की लोक गप बसायचे.

शनिवारी ती गावी यायची आणि रविवारी ओसरीवर बसून कार्डं तपासायची. एका सोमवारी तिला कचेरीत लवकर जायचं होतं. लेक कडेवर, गाडीला गर्दी, पाय असा. म्हणून ती पहिल्या गाडीनं पुढं गेली आणि डबा मी दुपारी परभणी स्टेशनवर आणून द्यायचा ठरला. निघताना एवढंच बोलली, "उघडू नका."

आमच्या गावाजवळच्या बोरीच्या एस.टी. स्टँडवर गाडीला वेळ होता. मी हॉटेलात चहाला बसलो. तिथले लोक मला नेहमी टोचायचे.

"काय बाईसाहेबांचे शिपाई, डब्यात काय हाय? पेढे का?" हॉटेलवाला म्हणाला.

"बायकूचं बी.एस्सी. हाय ह्यात," मी म्हणलो. "बघायचं का?"

आणि उघडला की डबा. मूठभर कार्डं काढली आणि दिली वाटून. एकजण कार्ड डोळ्याला लावून उन्हाकडं बघायला लागला. दुसरा म्हणाला, "ह्याच्यानं तर पीठ बी चाळता येणार न्हाई." तिसऱ्यानं कार्डानं वारा घेतला. सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. त्या दिवशी ते मला हसत नव्हते, माझ्याबरोबर हसत होते. मला ते गोड लागलं.

गाडी आली. ज्याच्या त्याच्या हातातली कार्डं ओढून घेतली आणि डब्यात भरली. सगळी कार्डं दिसायला एकसारखी, वरचा एक कोपरा कातरलेला. गाडीत मांडीवर डबा घेऊन मी कोपऱ्याला कोपरा जुळवून कडबा रचावा तशी नीट रचली. काम चोख झालं असं वाटलं. कोणत्या कार्डामागं कोणतं यायचं हे ठरलेलं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मशीननं कुरकूर केली नाही. समोर आली तशी कार्डं गिळली आणि तक्ता छापला. एका ज्वारीचे आकडे दुसऱ्या ज्वारीच्या नावावर गेले. कचेरीच्या साहेबांनी तो तक्ता मोठ्या बैठकीत वाचला. ज्या वाणाला कणसंच धरली नव्हती, तो पहिल्या नंबरावर. साहेबांचं लय हसं झालं.

ती घरी आली. चप्पल काढायच्या आधी विचारलं, "तुमी डबा उघडला होता का?"

"न्हाई," मी म्हणलो.

"बरं," म्हणाली आणि आत गेली.

कचेरीत तिनं सांगितलं, "चूक माझी." बंगलोरच्या ट्रेनिंगला तिचं नाव गेलं होतं, ते खोडलं. तिला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तीन वर्षं ती पाकिटं फोडत आणि शिक्के मारत बसली. पुढं त्या साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी तिला परत हिशेबाच्या कामावर घेतलं. मग तिनं लय काम केलं. टेबलावरच्या मशीनी आल्या तेव्हा सगळी कचेरी तिच्याकडून शिकली. पण त्या तीन वर्षांनंतरचा पहिला डबा मला विसरता येत नाही. तिनं ओसरीवर बसून लाल पेन्सिल घेतली आणि उभ्या कार्डांच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी रेघ ओढली. एक कार्ड जरी हललं तरी रेघ मोडणार. हे तिनं माझ्यासमोर केलं. मग झाकण लावलं आणि डबा माझ्याच हातात दिला.

"स्टेशनपर्यंत आणा," म्हणाली.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. त्यानंतर चाळीसाच्या वर वर्षं मिळाली, तरी बोललो नाही.

ती गेली त्या दिवशी दिवस मावळायच्या आत माती झाली. ज्यांचं बैठकीत हसं झालं होतं तेच जुने साहेब परभणीहून आले होते, काठी टेकत. आमच्याकडं चिता पेटल्यावर लोक उभं राहून दोन शब्द बोलतात. साहेब बोलले. बाई हुशार होत्या म्हणाले, जिल्ह्यात कम्प्युटर त्यांनी आणला म्हणाले. मग म्हणाले, "त्यांच्या हातून एकदा मोठी चूक झाली. पण मी ती कधी मनात ठेवली नाही." लोकांनी माना हलवल्या. साहेबांचं मन किती मोठं, असं माझ्या शेजारचा पुटपुटला. मी पाच हातांवर उभा होतो. ती समोर जळत होती आणि मी मान खाली घालून ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडली. नदीवरून परत आलो आणि घरात न जाता बोरीचा रस्ता धरला. लेक मागं पळत आली.

"बाबा, सुतक हाय. कुठं निघालात?"

"परभणीला."

"असं कुणाच्या घरी जात असतेत का?"

"घरात जात न्हाई," मी म्हणलो.

साहेबांचं घर विचारत विचारत गेलो. साहेब फाटकाशी आले. मला बघून गडबडले. "अहो तुम्ही? आत या."

"सुतक हाय साहेब. हितूनच सांगतो." आणि रस्त्यावर उभं राहून सगळं सांगितलं. हॉटेल, पीठ, कोपरे आणि घरी आल्यावर बोललेलं खोटं. शेजारच्या दोन बाया झाडायचं थांबवून ऐकायल्या. मी आवाज कमी केला नाही.

साहेबांनी काठी फाटकाला टेकवली. "मग बाईंनी तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी मला बोलावून घेतलं असतं. तिचा चौथी पास नवरा सगळ्या कचेरीपुढं उभा राहिला असता. ते तिला नको होतं."

"आता झालं गेलं," साहेब म्हणाले. "आता कशाला?"

"काल तुमी शंभर लोकांपुढं बोललात. दहाव्याला तेच लोक येतेत. तुमी पण या."

"येऊन मी काय सांगू? तुमचं नाव घेऊ?"

"तुमी काही बोलू नका. नुसते उभे राहा. मी सांगतो."

साहेब "येतो" म्हणाले. पाणी विचारलं, ते घेतलं नाही. मी स्टँडकडं चालायला लागलो.