शून्यानंतर आठ कोटी

गदगच्या आमच्या लॅबमध्ये ईरण्णा एकवीस वर्षं पुरुषांचं वीर्य तपासत होते. मी काउंटरवर. माझ्याकडून बाटली घेताना बाप्ये भिंतीवरच्या बसवण्णांकडे बघत. ईरण्णा मात्र डाळ निवडावी तसे शांतपणे सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू मोजत आणि नंतर चवीनं भाकरी खात.

शंभुलिंग बियाण्यांचा दुकानदार. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. त्यानं आमच्या इथल्याच खोलीत नमुना दिला. ईरण्णांनी दोनदा पाहिलं. एकही नाही.

"अण्णा, घरात कळलं तर मी मेलो."

"एका तपासणीवर कुणी काही ठरवत नाही. तीन आठवड्यांनी ये."

तो दहाव्या दिवशीच आला, बाटली घरून घेऊन. घर जवळ असलं की तसं चालतं. बाहेर मोटारसायकलवर त्याचा धाकटा भाऊ बसला होता, तीन पोरांचा बाप, मान खाली घालून. या बाटलीत आठ कोटी निघाले.

ईरण्णा तडक लॅबच्या डॉक्टरांकडे गेले आणि तोंड पाडून परत आले. "बाटलीत असेल ते लिहा म्हणाले. आपण पोलीस नाही."

मला संताप आला. पण रिपोर्टवर शिक्का मीच मारला.

पुढच्या आठवड्यात शंभुलिंगची बायको नीलव्वा एकटीच आली.

"सासूबाई म्हणतात, पोराचं ठीक आहे, आता तू माहेरी जा. अण्णा, खरंच ठीक आहे ना?"

ईरण्णा चष्मा पुसत राहिले. "त्याला म्हणावं, एकदा इथंच येऊन नमुना दे."

"मी म्हणू? दात पाडतील माझे."

एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगू नये, ही पाटी माझ्याच डोक्यावर टांगलेली. आम्ही दोघंही गप्प बसलो. ती माहेरी गेली ती गेलीच. त्या दिवशी ईरण्णांनी डबा उघडला नाही.

तीन वर्षांनी, उगादीचा पाडवा झाल्यावर, शंभुलिंग नव्या बायकोला घेऊन आला. बाटली घरचीच. भाऊ बाहेरच. ईरण्णांनी मोजलं, बाटलीत होतं ते लिहिलं आणि कितीतरी वेळ खुर्चीतून उठले नाहीत.

पोरगी जेमतेम विशीतली. काउंटरवर वाकून मला हळूच म्हणाली, "अक्का, यांचं तर चांगलं आलं. मग मी कुठल्या कुठल्या तपासण्या करून घ्यायच्या?"

मी तिला यादी दिली.