परतीच्या तिकिटाचे झाड

नाताळाच्या सणाने या पृथ्वीतलावर एखाद्या सज्जनाचा दरवर्षी, न चुकता आणि निःशेष पराभव केला असेल, तर ते सज्जन म्हणजे बंगळुरातले आमचे घरमालक. मोठ्या माणसांचे मोठ्या रणांगणांवर झालेले पराभव आपण आदराने वाचतो. परंतु स्वतःच्याच दिवाणखान्यात, कुंडीतल्या हातभर रोपाकडून, फराळाला आलेल्या पाहुण्यांच्या देखत पराभूत होणे आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा त्याच उमेदीने उभे राहणे, याला जे धैर्य लागते त्याची नोंद कुणी घेत नाही. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ येऊन पोहोचलो आहे आणि माझ्यापाशी त्या धैर्याचा अंशही नाही, हे मला दर डिसेंबरात नव्याने जाणवते.

पन्नासनंतरची ती वर्षे. निपाणीहून नोकरीसाठी बंगळुरास आलो आणि कँटोन्मेंटमधल्या त्यांच्या बंगलीच्या मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केले. माझे आडनाव काय, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. माल जिथून निघाला ते ठिकाण त्यांना पुरेसे होते. म्हणून मी अखेरपर्यंत 'निपाणीकर'च राहिलो. ते स्वतः नगरकडचे मराठी ख्रिस्ती. सारी हयात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढून निवृत्त झालेले. पण ते ऑफिस त्यांच्या अंगातून उतरले नव्हते. त्यांच्या घरात दोरी आणि चिठ्ठी यांवाचून वस्तू सापडणे कठीण. लोणच्याच्या बरणीवर 'ही बाजू वर', आरशाच्या पाठीवर 'काच आहे, जपून', इतकेच काय, दारातल्या आळशी मांजराच्या गळ्यातही 'मालक हजर' अशी पुठ्ठ्याची चकती. कुणी कौतुकाने तान्हे मूल त्यांच्या हाती दिले, तर ते आधी त्याचे वजन अजमावत, मग पाठीमागून लंगोटाची गाठ पाहत आणि गंभीरपणे म्हणत, "बांधणी पक्की आहे. पोचेल." माझी पत्नी लग्नानंतर प्रथमच आली, तेव्हा त्यांनी तिच्याआधी तिच्या वळकटीकडे पाहिले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "निपाणीकर, सासर चांगलं मिळालंय तुम्हाला. अशी गाठ मारणारी माणसं फसवत नाहीत."

या गृहस्थांनी नाताळच्या झाडाविषयी एक नियम केला होता आणि त्या नियमाने त्यांच्या संसाराची सारी शांती हिरावून घेतली होती. दर डिसेंबरात फलाटावर कापलेल्या सुरूच्या झाडांच्या मोळ्या उतरत. ज्यांना गिऱ्हाईक मिळे ती बंगल्यांत जात. उरलेली मालधक्क्यामागे पडून वाळत आणि संक्रांतीच्या सुमाराला हमाल त्यांवर हात शेकत. मालकांनी हे वर्षानुवर्षे पाहिले. "ज्याच्या जन्माचा सण, त्याच्याच नावानं ही कत्तल?" ते म्हणत. "घरी बोलावलेला पाहुणा जिवंत परत गेला पाहिजे. परतीचं तिकीट काढल्याशिवाय एकही झाड मी घरात घेणार नाही." पर्यावरण हा शब्द त्या काळी आमच्यापैकी कुणाच्या तोंडी नव्हता. त्यामुळे चर्चमधली मंडळी या नियमाला हट्ट म्हणत, गल्लीतली मंडळी चिक्कूपणा म्हणत, आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना साऱ्या आळीप्रमाणे मीही अक्का म्हणत असे, त्या नुसता एक लांब निःश्वास सोडत. अक्कांचे बालपण मिशनच्या वसतिगृहात गेले होते. तिथे नाताळात छताला टेकेल एवढे झाड उभारत आणि त्याच्या शेंड्यावरचा तारा पाहताना मान दुखून येई. स्वतःच्या घरात तशी एकदा मान दुखावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

मालकांनी प्रयत्नांत कसूर केली नाही. एका वर्षी त्यांनी कढीपत्त्याची कुंडी आत आणली. मेणबत्त्यांच्या धगीने तिची पाने अशी काही खरपूस झाली की प्रार्थना चालू असताना सर्वांना भूक लागली. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांचे लिंबाचे झाड पाहुणे म्हणून आले. त्याने तारा लावणाऱ्या मालकांना, आशीर्वाद देणाऱ्या पाद्रीसाहेबांना आणि सोडवायला गेलेल्या मला एकाच संध्याकाळी रक्तबंबाळ केले. केळीचा खुंट सुचवणाऱ्या दूधवाल्याला "तो तर खून झाला" असे सुनावून त्यांनी त्याच्याशी कित्येक दिवस अबोला धरला. सुरूचे जिवंत रोप तेलाच्या डब्यात लावून पाहिले. पण मालकांचा जीव त्यात इतका गुंतला की त्याला तहान लागली असेल या कल्पनेने ते जातायेता पाणी घालू लागले, आणि रोप मुळापासून कुजले. अखेर निराश होऊन त्यांनी जुन्या छत्रीच्या काड्यांना हिरवा क्रेप कागद गुंडाळून एक झाड बनवले. 'याला मारायला जीवच नाही,' हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु ऐन गीताच्या तिसऱ्या कडव्याला ती छत्री आपल्या मूळ स्वभावावर गेली आणि साऱ्या शोभेसकट पाद्रीसाहेबांच्या खांद्यावर मिटली. मी हसलो नाही, असे म्हणणे खोटे होईल. मालक मात्र तिच्या काड्या हलक्या हाताने सोडवत राहिले, जणू तिलाही लागले असावे.

त्यांच्या परसात मेलेल्या रोपांच्या डब्यांची रांग होती. अक्का तिकडे बोट दाखवून म्हणत, "निपाणीकर, कापलेलं झाड एकदाच मरतं हो. आमच्याकडे आलेलं रोज थोडं थोडं मरतं." यावर मालक उठून एखाद्या डब्यातली माती उकरू लागत. त्यांच्या दुखण्याची जागा तीच होती. एक झाड, निदान एक, आपल्या सणातून सुखरूप पार पडावे, यापलीकडे त्या माणसाला आयुष्याकडून आता काही नको होते. आणि नेमके तेवढेच आयुष्य द्यायला तयार नव्हते.

मग साठ सालानंतर कधीतरी त्यांना फाटकाबाहेरचा सिल्व्हर ओक दिसला. दिसला म्हणजे तो तिथे होताच. कुंपण आणि रस्ता यांच्यामधल्या बोळकांडीत आपोआप रुजून, कुणाच्या लक्षात न येता दीड-दोन पुरुष उंच झालेला. वाऱ्याने त्याची पाने उलटली की खालची चांदी चमके. एका सकाळी मालक माझ्या दाराशी आले. "निपाणीकर, आम्ही उगाच पाहुण्यालाच घरी ओढत होतो. आपणच त्याच्या घरी जायचं! तो जिथं आहे तिथंच सण करायचा. आणि बघा तर खरं, देवानं चांदी लावूनच पाठवलंय." अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी झाडाच्या शेंड्याकडे पाहिले, आणि पाहण्यासाठी त्यांना मान वर करावी लागली. "सरी," एवढेच त्या म्हणाल्या. पण हे 'बरं' नेहमीचे नव्हते. त्या दिवशी त्यांनी नाताळाच्या करंज्यांचे सारण पंधरवडाभर आधीच भाजायला घेतले.

इथे थांबता आले असते, तर! परंतु आमचा रस्ता रुंद होणार अशी वार्ता आली, आणि पार्सल ऑफिसातला जुना माणूस अस्वस्थ झाला. त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाचे सार एकच होते: ज्या मालाची कुणाला वर्दी नाही, तो माल हरवतो. "हे झाड कुणाच्या खिजगणतीत नाही," ते म्हणाले. "उद्या कुणी न बघता पाडलं तर दाद कुणाकडे मागायची? साहेबांना आणून दाखवलं पाहिजे." अक्का म्हणाल्या, "गप्प बसा. जे दिसत नाही ते वाचतं." मला अक्कांचे म्हणणे पटले होते, तरी मालकांच्या चेहऱ्यावरची ती जबाबदारी पाहून मीही कोट चढवला आणि त्यांच्यासोबत कॉर्पोरेशनच्या कचेरीत गेलो.

तिथले ओव्हरसियर निघाले मराठी. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या घराण्यातले. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड कालवलेली. परक्या शहरात आपल्या भाषेचा माणूस कचेरीच्या खुर्चीत सापडला, यासारखा आनंद नाही. मालकांनी त्यांना हाताला धरूनच घरी आणले. अक्कांनी कॉफी केली, ताज्या करंज्या पुढे ठेवल्या. ओव्हरसियरांनी दोन करंज्या खाल्ल्या, झाडाभोवती एक फेरी मारली, कुंपणापासून पावले टाकली आणि खिन्न होऊन उभे राहिले.

"अण्णा, हे आमच्या प्लॅनात नव्हतंच की," ते म्हणाले. "तुम्ही दाखवलं नसतं, तर गटार स्वल्प वाकडं काढून आम्ही निघून गेलो असतो. आता पाहिलं ते कसं नाही म्हणू? बरोब्बर रस्त्यातच येतंय."

मालकांनी बुंध्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "निदान नाताळ... या झाडाचा आमच्या सणाशी संबंध आहे, साहेब. आमचं नाताळचं झाड आहे हे."

"अय्यो, मग आधी नाही का सांगायचं?" ओव्हरसियरांचा चेहरा उजळला. मालकांचा हात दोन्ही हातांत घेऊन ते म्हणाले, "अण्णा, नाताळचं माझ्यावर सोडा. आपली माणसं तुम्ही. तुमच्या सणाला काही कमी पडू देणार नाही मी."

ते गेल्यावर मालक पायरीवर बसले आणि बोलले, "सणापर्यंत तरी वाचलं. पुढचं पुढं. तोवर फाशी रद्दही होते कधीकधी." अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या रिकामे कप उचलून आत गेल्या.

चोवीस डिसेंबरच्या सकाळी आम्ही मागच्या अंगणात तारे चिकटवत बसलो होतो. पुढून माणसांचा गलबला ऐकू आला, मग फाटक वाजले. जाऊन पाहतो, तो ओव्हरसियर स्वतः उभे. त्यांच्यामागे चार माणसांच्या खांद्यावर तो सिल्व्हर ओक, बुंध्याशी स्वच्छ कापलेला, आणि कापल्या जागी ओले गोणपाट नीट गुंडाळलेले.

"घ्या अण्णा!" घाम पुसत ते म्हणाले. "सबंध रस्त्याचं काम संक्रांतीनंतर आहे. पण म्हटलं, आपल्या माणसाचा सण. सगळ्यांच्या आधी तुमचं झाड पाडलं. एक फांदी मोडू दिली नाही, विचारा यांना."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की त्याच्यावर रागवायला फार कठोर मन हवे होते. मी मालकांकडे पाहिले. साऱ्या आयुष्यात कुणी त्यांच्यासाठी आपण होऊन इतके केले नव्हते. ते पुढे झाले, ओव्हरसियरांचा हात हाती घेतला आणि म्हणाले, "फार उपकार झाले, साहेब. आत या. कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही. यांनाही दे गं. ओझं वाहून आणलंय." मग ते गोणपाटाची गाठ चाचपत राहिले. कुणाला काही कळू नये म्हणून असेल, पण ते हळूच म्हणाले, "बांधलंय मात्र छान."

झाड दिवाणखान्यात उभे राहिले. शेंडा छताला टेकला. संध्याकाळी गीते गाणारी मंडळी आली आणि दारातच थबकली. "वा! शेवटी शहाणे झालात म्हणायचं!" "अक्कांनी जिंकलं बरं का!" पाद्रीसाहेबांनी मालकांच्या खांद्यावर हात ठेवून देवाचे आभार मानले. मालकांनी प्रत्येकाचे अभिनंदन मान लववून स्वीकारले. मीही त्या मंडळींना खरे काय ते सांगितले नाही. सांगून कुणाचे भले होणार होते, हे मला आजही कळत नाही.

मंडळी गेल्यावर अक्का स्टुलावर चढल्या आणि त्यांनी शेंड्यावरचा तारा काढला. मग मेणबत्त्या, मग कागदी फुले. मालक म्हणाले, "राहू दे की. तुला असंच हवं होतं ना, छतापर्यंत?"

"असंच हवं होतं," अक्का म्हणाल्या, "पण हे नको होतं." आणि हातातली फुले खाली ठेवून त्या झाडाशेजारीच जमिनीवर बसल्या. मालकही गुडघे धरत कष्टाने त्यांच्याजवळ बसले. मी निरोप न घेताच मागच्या दाराने निघून आलो.

संक्रांतीनंतर रस्ता झाला. खडी पडली, डांबर पडले, रूळ फिरला. झाड होते ती जागा कोणती, हे सांगूनही कुणाला पटले नसते. नंतरच्या वर्षांत मालकांनी नाताळला कोणतेही झाड आणले नाही आणि अक्कांनी मागितले नाही. दोघे दर रविवारी चर्चला पायी जात. फाटकातून निघून चार पावले गेली की त्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर मालक डावीकडून वळसा घेत आणि अक्का उजवीकडून. मागून येणारा एखादा जटकावाला घोडा आवरून खेकसे, "एवढा रस्ता रुंद केलाय, सरळ चाला की!" मालक टोपी काढून त्याची क्षमा मागत. मग बुंध्याएवढे अंतर मध्ये ठेवून दोघे पुढे जात, आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा एकमेकांच्या शेजारी येऊन चालू लागत.