ठमाबाईचे बोंबील

परेश म्हात्रेने काढलेलं चित्र पाहिलं नाही असा माणूस पनवेलमध्ये सापडायचा नाही, आणि ते परेशने काढलंय हे ठाऊक असलेलाही सापडायचा नाही. एसटी स्टँडपासून पळस्प्याच्या नाक्यापर्यंत जेवढे वाढदिवसाचे बॅनर लागतात, त्यातले निम्मे तरी त्याच्या दुकानातून जातात. गॉगल घातलेले, फोन कानाला लावलेले भावी नगरसेवक, आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग. एकाचं मुंडकं शेजारच्यापेक्षा जरा लहान झालं की तो दुकानात येऊन तमाशा करणार. परेशचा जीव या कामाला विटला होता. त्याला चित्रपट्टी काढायची होती. तीन चौकटींची, रोजच्या पेपरात येते तशी, एका घराची.

घर शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याची आई मालूबाई. मिठागरात उभं आयुष्य काढलेली, लुगडं नेसणारी, आणि जमीन गेल्यावर मुलाबरोबर नव्या पनवेलच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर येऊन राहिलेली. गेल्या मे महिन्यात पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील तिने गॅलरीत उन्हाला घातले, कावळे हाकायला काठी घेऊन बसली, आणि तिसऱ्या दिवशी सोसायटीची मीटिंग लागली. सेक्रेटरी अवधूतराव म्हणाले, वासाने माणसं हैराण झाली आहेत. नियम झाला. परेश मीटिंगमध्ये उभा राहिला, घसा खाकरला, आणि ‘बघतो’ म्हणून खाली बसला. घरी आल्यावर त्याला काय काय बोलायला हवं होतं ते सगळं आठवलं. तेव्हापासून मालूबाई बोंबील बेडरूममध्ये पंख्याखाली घालते. पंख्याखाली बोंबील वाळत नाहीत, नुसते घरभर होतात.

मीटिंगमध्ये हरलेली आई निदान पेपरात तरी जिंकावी, एवढं एकच परेशच्या मनात होतं. त्याने चित्रपट्टीतल्या म्हातारीला आपल्या आजीचं, म्हणजे मालूबाईच्या सासूचं नाव दिलं, ठमाबाई. तिला काठी दिली, एक लबाड कावळा दिला, आणि समोर लेंग्यातला सेक्रेटरी उभा केला. दर वेळी तिसऱ्या चौकटीत बोंबील ठमाबाईकडेच राहायचे. त्याच्या बायकोने, पूर्वीने, पहिल्या दहा पट्ट्या पाहिल्या आणि पोळ्या तव्यावर टाकून हसत बसली. एक पोळी करपली.

पुण्यात एक संस्था होती. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लहान दैनिकांना राशिभविष्य, शब्दकोडी आणि पाककृती तयार करून पुरवायची. एक चित्रपट्टी त्यांनी घेतली की ती कुठल्या कुठल्या गावांत एकदम छापून येणार. तिथल्या संपादकाचं नाव स्वानंद. माणूस गोड, इतका गोड की त्याच्याशी भांडताही येत नसे.

“परेश, रेषा फार सुंदर आहे तुमची,” तो फोनवर म्हणाला. “फक्त ही आजी ‘हाय’, ‘नाय’ बोलते ना, ते विदर्भातल्या वाचकाला परकं वाटेल. जरा सर्वसाधारण करूया?”

परेशने जरा सर्वसाधारण केलं. ठमाबाई बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलायला लागली. मग स्वानंदला दारावरची ‘म्हात्रे’ पाटी खटकली. आडनाव आलं की जात येते, जात आली की अर्धे वाचक आपले उरत नाहीत, असं त्याचं म्हणणं. पाटी कोरी झाली. घराला नाव नाही, बोलीला गाव नाही. पण बोंबील होते, तोवर परेश दम धरून होता.

“आता एकच,” स्वानंद म्हणाला. “मासळी. सोमवार, गुरुवार, शनिवार लोकांना चालत नाही. सकाळी देवपूजा करून पेपर उघडतात हो.”

परेश ईर्ष्येला पेटला. प्रत्येक पट्टीच्या मागे त्याने लिहून दिलं, ही रविवारी छापा, ही बुधवारी, ही शुक्रवारी. श्रावण आणि नवरात्रासाठी बिनमासळीच्या वेगळ्या काढल्या. मंगळवार त्याच्या घरी चालायचा, म्हणून तोही घेतला. स्वानंदलाही हा माणूस कामाचा वाटला आणि त्याने नमुन्यादाखल एक मंगळवारची पट्टी एका दैनिकाला दिली. दैनिकाने मंगळवारीच छापली. त्या मंगळवारी अंगारकी होती.

वार सगळे पाहिले, तिथी पाहिलीच नाही. बरं, माहीत नव्हतं म्हणावं तर त्याच आठवड्यात अंगारकीच्या शुभेच्छांचे बॅनर त्याच्याच दुकानातून गेले होते. मोदक त्याने स्वतःच्या हाताने ठळक केले होते. दैनिकाच्या कचेरीत दिवसभर फोन वाजत राहिले. उपासाच्या दिवशी पहिल्या चहाला म्हातारी बोंबील दाखवते म्हणजे काय. परेशने स्वतःच्या कपाळावर हात मारला, पण आता मारून उपयोग काय.

“तुमची चूक नाही,” स्वानंद म्हणाला. चूक परेशचीच होती, आणि हे असं समजुतीने बोललेलं त्याला जास्तच लागलं. “पण आता जोखीम नको. बोंबलांऐवजी पापड करा. वाळत घालणं तेच, सेक्रेटरी तोच, गंमत तीच. पापड प्रत्येक घरात असतो.”

“काही करू नकोस,” पूर्वी म्हणाली. मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, “एकदा छापून तर येऊ दे. नाव झालं की घाल परत बोंबील.” परेशलाही तेच ऐकायचं होतं. माणूस ज्याला तडजोड म्हणतो ती बहुतेक वेळा अशीच दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतलेली असते. त्याने कावळाही काढून टाकला. पापडाशेजारी तो उगाच आल्यासारखा दिसत होता.

‘आजी आणि आम्ही’ या नावाने पट्टी सुरू झाली. पनवेलला येणाऱ्या एका दैनिकातही ती आली. सकाळीच खालून अवधूतरावांनी हाक मारून अभिनंदन केलं. “कसं निर्मळ, कौटुंबिक आहे,” ते म्हणाले, आणि कात्रण सोसायटीच्या फळ्यावर लावलंसुद्धा, जिथे गेल्या वर्षी बोंबलांची नोटीस होती तिथेच. लेंग्यातला सेक्रेटरी आपण आहोत हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. परेशला वाटलं, ते कात्रण फाडून खिशात घालावं. तो ‘थँक्यू’ म्हणाला.

घरी त्याने पेपर आईसमोर धरला. मालूबाईला अक्षरं जेमतेम लागायची, पण चित्र ती डोळे बारीक करून बघत राहिली.

“ही कोन?”

“ठमाबाई. म्हणजे आपली आजी. म्हणजे तूच, आये.”

“काय घातलंय वालत?”

“पापड.”

“न् त्यो कशाला भांडतंय?”

परेश पेपरची घडी सरळ करू लागला.

“पापडासाठी कोन भांडल?” मालूबाई म्हणाली. “पापड तर आपला सेक्रेटरीपन मागून नेल.” तिने पेपर खाली ठेवला. तिला राग आला नव्हता, तेच वाईट होतं. “गॅलरीतून काढलंस, आता कागदावरनंपन काढलंस.”

तेवढ्यात स्वानंदचा फोन आला. सगळीकडे पट्टी आवडली होती. पुढच्या संचात लोणचं घ्या, म्हणाला, लोणचं सर्वांना चालतं. परेश ‘हो सर’ म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची इतकी चीड आली की तो नुसताच सोफ्यावर बसून राहिला.

मालूबाई आत गेली आणि बोंबलांचा डबा घेऊन आली. “त्यो पेपर झालाय ना वाचून?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तोच अंक पंख्याखाली फरशीवर पसरला, नेमका त्याच पानावर उघडा. मग एकेक बोंबील मांडत गेली. पहिल्या चौकटीवर, दुसऱ्या चौकटीवर, पापडांवर. कोऱ्या पाटीच्या दारावर दोन आडवे ठेवले. म्हातारीचं तोंड तेवढं तिने मोकळं सोडलं.

“आता दिसते बग माजी सासू,” ती म्हणाली.

वास हळूहळू खोलीभर झाला. परेश सवयीने गॅलरीचं दार लावायला उठला, कडीपर्यंत हात गेला. खाली अवधूतरावांचा आवाज येत होता, ते कोणाला तरी कात्रण दाखवत होते. लोणच्याचं काय करायचं ते परेशला अजून ठरवता आलं नव्हतं, पण दार त्याने सताड उघडं ठेवलं.