खापरपणजोबांचं घोडं

औंढ्याजवळ आमचं शेत आहे. त्याच्या बांधावर घोडा कोरलेला एक दगड आहे. माझे खापरपणजोबा निजामाच्या रिसाल्यात, हिंगोलीच्या छावणीत स्वार होते. घोडा त्यांचा स्वतःचा. तेव्हा स्वारानं आपलंच जनावर घेऊन चाकरीला जायची रीत होती. एका मोहिमेवर गेले ते परतलेच नाहीत. घोडं तेवढं एकटं घरी आलं. मालक लढाईत पडला, असं सगळ्यांनी धरलं. खापरपणजीनं कुंकू पुसलं. पुढं घोडं मेलं, तेव्हा त्याला बांधावर पुरून वर दगड बसवला. शाळेत ही गोष्ट मी छाती फुगवून सांगायचो.

दोन वर्षांमागं आम्ही रानात हळद शिजवत होतो. कढईची वाफ डोळ्यांत जात होती, तेवढ्यात तेलंगणा पासिंगची एक गाडी बांधापाशी थांबली. पन्नाशीतल्या एक बाई उतरल्या आणि थेट दगडाकडे चालू लागल्या. बाबा फावडं टाकून आडवे गेले.

"कोन तुमी? काय पाह्यजे?"

"आम्ही हैदराबादचे," बाई हिंदी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "ज्यांचं हे घोडं, ते माझेपण खापरपणजोबा. नारळ वाहायचा होता."

बाबा माझ्याकडं बघून पुटपुटले, "जमिनीवर डोळा हाय हिचा."

मलाही तसंच वाटलं. चौपदरी रस्त्याची मोजणी होऊन गेली होती, आणि तेव्हापासून गावात मोबदल्याच्या आशेनं कुणाचे ना कुणाचे विसरलेले नातेवाईक उगवत होते. मी बाईंना एकेक प्रश्न विचारू लागलो, चोराला विचारावं तसं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की खापरपणजोबा लढाईत पडलेच नव्हते. पाय मोडला, छावणीतून नाव कमी झालं, हैदराबादेत एका घरानं सांभाळलं. त्याच घरच्या मुलीशी त्यांनी दुसरा संसार मांडला. घोडं मात्र औंढ्याकडं निघालेल्या एका मेंढपाळाबरोबर परत पाठवलं, गावाच्या शिवेवर सोडून दे असं सांगून.

"मरताना ते म्हणाले, तिकडं बायको आहे, पोरगा आहे. आमच्या घरात हे तोंडोतोंडी चालत आलंय."

"गावात इचारून आल्या असतान," बाबा म्हणाले. "आमचा मानूस लढाईत गेला. असलं बोलू नका."

नारळ त्यांनी वाहू दिला, पण शेजारी उभे राहून. बाईंनी दगडाचा फोटो काढला तेव्हा मागची जमीन फोटोत येऊ नये म्हणून बाबा मधे गेले. निघताना बाईंनी आपला नंबर लिहून माझ्या हातात दिला. गाडी फाट्याला वळेपर्यंत बाबा बघत होते.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, कढईमागं बसून सगळं ऐकत होती. गाडी गेल्यावर म्हणाली, "खोटं न्हाई बोलली बाई."

"तुला काय ठावं, अक्का?"

"आपल्या आजीला तिच्या सासूनं सांगितलं होतं, आन् आजीनं मला. घोड्याच्या अंगावर वरखडा न्हवता. पोट भरलेलं. गळ्यात कोरा कासरा, घट्ट गाठ मारलेला. लढाईतून पळालेलं घोडं असं येतं व्हय?"

मी विचारलं, "मग खापरपणजी तेव्हाच काहून बोलल्या नाहीत?"

"काय बोलावं? नवरा जित्ता हाय म्हनलं, तर मंग आला काहून न्हाई, हे बी सांगावं लागतं. रांडपन पत्करलं तिनं. निदान लोक मान तरी देत होते."

जाळ विझत आला होता, तिकडं बाबांचं लक्ष गेलं नाही.

तरी आठवड्याभरात ते तलाठ्याकडं जाऊन सातबारा पाहून आले. बाईंचा कसलाही दावा आला नाही, नोटीस आली नाही. मीही बरेच दिवस अनोळखी नंबर दिसला की उचलायला कचरायचो.

पितृपक्षाच्या तोंडावर बाबा माझ्याजवळ आले. घोडं आलं त्या तिथीला आम्ही खापरपणजोबांना जेवू घालत होतो. "त्या बाईला फोन लाव," ते म्हणाले. "खरी तिथी कोनती ते इचार. बाकी काही बोलू नको."

बाईंनी लगेच सांगितली. वद्य पंचमी. मग रडू लागल्या. मीच घाईघाईनं फोन ठेवला.

पंचमीला आत्यानं पानं मांडली. बाबा पहिलं पान खापरपणजोबांच्या नावानं वाढायला गेले, तेव्हा तिनं त्यांचा हात धरला.

"जिनं कुकू पुसलं, आधी तिचं वाढ," ती म्हणाली.