पेंढ्याचा नवरा

दौलत घाडीला तुम्ही ओळखत नसाल, पण त्याचं काम पाहिलं असेल. लालबागच्या नाक्यावर एखाद्या पुढाऱ्याचा पुतळा जळताना टीव्हीवर दिसतो ना, तो बहुधा दौलतने बांधलेला असतो. बांबूचा सांगाडा, पेंढा, डोक्याला मडकं आणि जुने कपडे. कुठल्याही पक्षाला करून देतो. जळून झाला की स्वतःच बादलीभर पाणी ओततो आणि घरी जातो.

आमची ओळख कामगार रंगभूमीवरची. मी राजे, जमीनदार, पुढारी रंगवायचो. दौलत कपडेपट सांभाळायचा. गिरणी सुटली की थेट तालमीला, केसांत कापूस तसाच. प्रवेश चालू असताना विंगेत उभ्याउभ्या माझी बाही शिवणारा माणूस! गिरणी गेली, नाटकं गेली, कपड्यांच्या ट्रंका मात्र आमच्याच इमारतीतल्या त्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहिल्या. शेजारी कमळाबाईचं मसाला कांडपाचं दुकान. त्यामुळे ट्रंक उघडली की प्रत्येक राजा आपल्याला शिंका आणतो.

गेल्या एप्रिलात, ऐन मसाल्याच्या दिवसांत, आमच्या इमारतीवर आभाळ कोसळलं. तिसऱ्या मजल्यावरचा विनीत धुरी, विभागातला पुढारी, घरी बायको आणि मुलगी ओवी. लोणावळ्याला दुसऱ्याच एका बाईबरोबर चहा पितानाचा त्याचा फोटो बाहेर आला. वाहिनीने दोन्ही कपांभोवती लाल गोल काढले आणि तोच फोटो दिवसभर दाखवला. निवेदक असा ओरडत होता की मला त्याच्या घशाची काळजी वाटली. आम्ही शेवटच्या रांगेसाठी ओरडायचो. याच्यापुढे तर माईक होता.

विनीत फोन बंद करून कुठेतरी गेला. इमारतीच्या दाराशी कॅमेरे बसले. आवाज नीट येत नाही म्हणून त्यांनी कमळाबाईचं यंत्रसुद्धा बंद करायला लावलं.

समोरच्या पक्षाचा अनिमेष दौलतकडे येऊन उद्यासाठी पुतळा सांगून गेला. दौलतने हो म्हटलं. त्याच्या मागोमाग मनू आला, विनीतच्याच पक्षाचा, कालपर्यंत विनीतच्या गाडीचं दार उघडणारा.

"काका, आपल्याला पण एक. त्यांच्या आधी पेटला पाहिजे."

"अरे, माणूस एकच ना?"

"माणूस तोच. आपला जरा उंच करा."

"पेंढा एकापुरताच आहे. दोघं मिळून जाळा की."

"काका, असं कसं? मतभेद आहेत आमचे!"

मी हसलो. दौलत हसला नाही. मनू गेल्यावर म्हणाला, "मतभेद कसले रे? मला खरंच कळलं नाही."

मग त्याने ट्रंकेतून माझा पांढरा झब्बा काढला. प्रामाणिक पुढाऱ्याच्या भूमिकेतला. छातीवरचं एक बटण तुटलेलं.

"हा देऊ?"

"दे. आता माझ्या पोटावरून खाली उतरायचा नाही तो."

तो झब्ब्यात पेंढा भरत होता, तेवढ्यात दारात मेघना. विनीतची बायको. लहानपणी आमच्या बालनाट्यात पोपट झाली होती, आणि तिचे हिरवे पंख दौलतनेच शिवले होते. पुतळ्याचा हात हातात घेऊन दौलत तसाच उभा राहिला.

"हाच का तो?"

"मेघू, तू फक्त 'नको' म्हण, मी देत नाही."

आम्हाला वाटलं, आता रडेल. ती ट्रंकेवर बसली.

"देऊ नका म्हणायला नाही आले काका. काय म्हणावं तेच कळत नाही. मला वर्षभर माहीत होतं. रविवारी ओवीला आजीकडे पाठवून त्याला समोर बसवणार होते. काय काय विचारायचं, सगळं ठरवलं होतं. आणि शनिवारीच हे सुरू झालं. आता कॅमेऱ्यांमुळे तो घरी येत नाही. मी रागावले की अनिमेष म्हणतो, ताई आमच्या बाजूच्या. गप्प बसले की मनू म्हणतो, ताई झाकतायत. खाली ती माईकवाली मुलगी विचारते, ताई, कसं वाटतंय? माझं भांडण होतं हो ते. सगळ्यांनी वाटून घेतलं."

मी घसा खाकरला आणि राजाच्या आवाजात स्त्रीच्या सन्मानावर काहीतरी सुरू केलं. दोघंही माझ्याकडे बघत राहिली. वाक्याचा शेवट मला आठवेना. खरं तर ते वाक्य माझं नव्हतंच.

ती गेल्यावर दौलत बराच वेळ सुतळी बोटाला गुंडाळत बसला.

"शब्द दिलायस," मी म्हटलं.

"दिलाय. पण तिला न विचारता दिला ना."

दुसऱ्या दिवशी पुतळा इमारतीच्या दाराशी गेला. अनिमेषची माणसं चपला घेऊन आली, मनूची रिकाम्या हातांनी. मग पुतळ्याच्या एका हाताला हे, दुसऱ्या हाताला ते. मेघनाच्या खिडकीखालीच ओढाओढ. माईकवाली मुलगी म्हणाली, "पेटवायच्या आधी घोषणा परत एकदा घ्या ना." दौलत बादली घेऊन कडेला उभा होता.

आणि मेघना खाली आली. घरातल्याच कपड्यांत, केस वर बांधलेले. रंगमंचावर इतकी साधी आणि इतकी मोठी एंट्री मी पाहिलेली नाही. तिने पुतळ्याची गचांडी धरली.

"सोडा."

"ताई, आम्ही तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी ना? मग मला द्या. मला बोलायचंय याच्याशी."

पुतळा खांद्यावर टाकून ती जिना चढली. पायऱ्यापायऱ्यांवर पेंढा सांडत गेला. खाली कुणालाच घोषणा सुचेना. कुणीतरी "मेघनाताई आगे बढो" म्हटलं. दोन्ही बाजूंनी साथ दिली, आणि आपण एकच घोषणा देतोय हे लक्षात येताच दोन्ही बाजू गप्प झाल्या.

त्या शांततेत वरून तिचा आवाज आला. आधी हळू, मग चढत गेलेला. मुलीने माईक खिडकीच्या दिशेने उंचावला.

दौलतने बादली खाली ठेवली. कमळाबाईच्या दुकानात शिरला.

"चालू कर."

"अरे, पण ते लोक..."

"कमळे, चालू कर गो!"

यंत्र धडधडायला लागलं. मेघनाचा आवाज बुडाला. कमळाबाईने चांगली तिखट संकेश्वरी मिरची टाकली असावी, कारण अनिमेष, मनू, कॅमेरे, सगळेच शिंकत शिंकत पांगले. वाहिनीवर बातमी आली, 'पुतळा पळवला'. लाल गोल दौलतच्या बादलीभोवती होता. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मग कॅमेरे दुसऱ्या कुणाच्या तरी दाराशी गेले. एका दुपारी मेघना दौलतच्या खोलीत आली. झब्बा धुतलेला, इस्त्री केलेला.

"आला का तो?" दौलतने विचारलं.

"आला."

"मग?"

"मग काय? भांडतोय आम्ही," ती म्हणाली आणि घाईने वर गेली, जणू भांडण गॅसवर ठेवून आली होती.

दौलतने झब्बा उलगडला. छातीवर नवं बटण होतं, दोरा घट्ट ओढलेला.

"हे कधी लावलं असेल रे तिने? पुतळ्यावर ओरडून झाल्यावर, की ओरडता ओरडता?"

झब्बा ट्रंकेत ठेवायचा की पुढच्या पुतळ्यासाठी बाहेर, हे दौलतचं अजून ठरलेलं नाही. तो खुंटीला आहे.